घर चाकांवर, मुलांच्या हक्काचे काय?

अमेरिकेत 'आरव्ही' नावाच्या मोटारघरात संसार थाटून, शाळेत न जाणारी मुले सोबत घेऊन वर्षानुवर्षे फिरणारी कुटुंबे आहेत. या मुलांना ग्रँड कॅन्यन चित्रात पाहावा लागत नाही. राष्ट्रीय उद्यानातली पुस्तिका सोडवली की 'ज्युनियर रेंजर'चा बिल्ला मिळतो. हे शिक्षण नव्हे, असे कोण म्हणेल?

परंतु या मुलांना खरोखर काय येते, हे तपासणार कोण? १९९३ पर्यंत सर्व ५० राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर झाले. नियम मात्र राज्यागणिक वेगळे. न्यूयॉर्कमध्ये पालकांना तिमाही अहवाल द्यावा लागतो, टेक्सासमध्ये साधी नोंदणीही नाही. कायम फिरणारे पालक बहुधा टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटाचा पत्ता घेतात. तेथे राज्याचा आयकर नाही. शिक्षणाचा नियमही मग त्याच राज्याचा पाळला जातो. सोय पालकांची, परिणाम मुलांच्या वाट्याला!

१९७२ साली 'विस्कॉन्सिन विरुद्ध योडर' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आमिश पालकांना आठवीनंतर मुलांना शाळेतून काढण्याची मुभा दिली. तेव्हा न्या. विल्यम डग्लस यांनी अंशतः भिन्नमत नोंदवले. त्यांचा मुद्दा साधा होता: ज्याच्या भवितव्याचा निर्णय होतो, त्या मुलाचेही ऐका.

भटकंतीवर बंदी नकोच. मात्र मुलाला वाचता, लिहिता, हिशेब करता येतो का, हे वर्षातून एकदा तिऱ्हाइताने पाहावे. पालकांचे स्वातंत्र्य मोठेच. पण मूल ही त्यांची मालमत्ता नव्हे!