आरव्हीतलं पाणी: फिल्टर काय करतो आणि काय करत नाही

शाळांना सुट्ट्या लागल्या की अमेरिकेतली बरीच मराठी कुटुंबं आरव्ही भाड्याने घेऊन यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन नाहीतर योसेमिटीची वाट धरतात. सोबत बहुधा भारतातून आलेले आईबाबा किंवा सासूसासरे असतात. ओटा, फ्रिज, बिछाने, संडास-मोरी सगळं गाडीतच. ठेपले, भाजणी आणि छोटा कुकर यांची यादी आठवडाभर आधी तयार होते. पाण्याचा विचार मात्र निघायच्या आदल्या संध्याकाळी होतो. दुकानातून वीतभर लांबीचा निळा फिल्टर आणायचा, नळीला जोडायचा, की पाण्याची काळजी मिटली असं धरून चालायचं.

तो फिल्टर वाईट नाही, पण त्याच्याकडून अपेक्षा फार असतात. पाण्यात चार तऱ्हेच्या नकोशा गोष्टी असू शकतात: गाळ, वाईट चव-वास, जंतू आणि विरघळलेली रसायनं. यातली एक गोष्ट काढणारं साधन दुसरीला हातही लावत नाही, असं नेहमी घडतं. शिवाय आरव्हीतलं पाणी नळातून थेट पेल्यात येत नाही. कॅम्पग्राउंडचा नळ, नळी, गाडीखालची टाकी, पंप आणि मग सिंक, असा त्याचा प्रवास असतो. बरेचसे गैरसमज या प्रवासाकडे लक्ष न दिल्यामुळे होतात.

गैरसमज: अमेरिकेतल्या कॅम्पग्राउंडचं पाणी म्हणजे शहराचंच पाणी.

वस्तुस्थिती: काही ठिकाणी ते खरंच गावाच्या जलवाहिनीतून येतं. पण डोंगरात, वाळवंटात आणि हमरस्त्यापासून लांबच्या जागी कॅम्पग्राउंडची स्वतःची विहीर असते. १९७४ च्या सेफ ड्रिंकिंग वॉटर ॲक्टखाली वर्षातले किमान ६० दिवस, दिवसाला २५ किंवा अधिक लोकांना पाणी देणारी व्यवस्था ‘सार्वजनिक’ धरली जाते, त्यामुळे बहुतेक कॅम्पग्राउंड या कायद्याच्या कक्षेत येतात. मात्र जिथे माणसं येऊन-जाऊन असतात, तिथे तपासण्या मोजक्याच असतात. मुख्यतः जंतूंचा निर्देशक असलेला कोलिफॉर्म गट आणि नायट्रेट-नायट्राइट, म्हणजे दोन दिवसांतही अपाय करू शकतील अशा गोष्टी. आर्सेनिक आणि शिशासारख्या, वर्षानुवर्षं पोटात गेल्यावर बाधणाऱ्या गोष्टींच्या तपासणीची सक्ती त्यांना शहरासारखी नसते. दोन रात्रींच्या मुक्कामाला हा हिशेब ठीक आहे. निवृत्तीनंतर घर विकून बाराही महिने आरव्हीत राहणाऱ्यांना तो लागू पडत नाही. आणि एखाद्याच्या शेतावरच्या खासगी विहिरीला तर हा कायदाच लागू नाही. तिथली तपासणी मालकाच्या मर्जीवर.

गैरसमज: नळीला फिल्टर लावला की जंतूंची चिंता नको.

वस्तुस्थिती: नळीला लागणाऱ्या साध्या फिल्टरमध्ये मुख्यतः सक्रिय कोळसा असतो. तो क्लोरीनचा वास घालवतो, चव सुधारतो, थोडा गाळ अडवतो. जंतू मारणं हे त्याचं काम नाही. वेष्टनावर बारीक अक्षरांत एक आकडा असतो, तो वाचावा. ‘एनएसएफ/एएनएसआय ४२’ म्हणजे चव, वास आणि क्लोरीन. ‘५३’ म्हणजे आरोग्याला घातक गोष्टी. पण त्यातही शिसं की परजीवींच्या पुटी (कवचातले परजीवी) की आणखी काही, हे पुढे स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. नुसतं ‘५३’ पाहून शिसं जाईल असं समजू नये.

दुसरा आकडा मायक्रॉनचा. ‘१ मायक्रॉन नॉमिनल’ म्हणजे त्या आकाराचे बरेचसे कण अडतील, सगळे नाहीत. परजीवींसाठी ‘ॲब्सोल्यूट १ मायक्रॉन’ किंवा पुटी काढण्याचं प्रमाणपत्र हवं. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे परजीवी साधारण ४ मायक्रॉनपासून पुढच्या आकाराचे असतात, त्यामुळे ते अशा फिल्टरमध्ये अडतात. क्लोरीनने मात्र क्रिप्टोस्पोरिडियम सहजासहजी मरत नाही. १९९३ मध्ये मिलवॉकी शहरात हाच परजीवी शुद्धीकरण केंद्रातून निसटून नळाच्या पाण्यात उतरला आणि अंदाजे चार लाख लोक आजारी पडले. त्या पाण्यातही क्लोरीन होतंच.

विषाणूंची गोष्ट वेगळी. ते इतके सूक्ष्म असतात की गिर्यारोहकांच्या ०.१ मायक्रॉनच्या पोकळ धाग्यांच्या फिल्टरमधूनही निसटू शकतात. २०२२ च्या एप्रिल ते जूनमध्ये ग्रँड कॅन्यनमध्ये राफ्टिंग आणि पदभ्रमण करणाऱ्या २०० हून अधिक लोकांना उलट्या-जुलाबांनी गाठलं; तपासणीत नोरोव्हायरस सापडला. हा विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडेही पसरतो, त्यामुळे सगळा दोष पाण्यावर टाकता येत नाही. पण नदीचं पाणी नुसतं गाळून प्यावं का, याचं उत्तर त्यात आहे. विषाणूंसाठी उकळणं, निर्जंतुक करणारी रसायनं किंवा अतिनील दिवा लागतो. दिव्याला पाणी नितळ लागतं. गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आड लपतात.

गैरसमज: डम्प स्टेशनच्या नळालाही फिल्टर लावला की टाकी भरता येते.

वस्तुस्थिती: हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. डम्प स्टेशनवर आरव्हीतला मैला आणि सांडपाणी सोडतात. तिथला नळ मैल्याची जाड नळी धुण्यासाठी असतो. त्या नळीचं तोंड नळाला टेकवून धुणारे लोक कमी नाहीत. त्या नळाचे आटे आणि पिण्याच्या नळाचे आटे बहुधा एकाच मापाचे असतात, त्यामुळे तुमची पांढरी नळी तिथे सहज बसते. फरक सांगणारी असते ती फक्त ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी, आणि ती उन्हाने फिकी पडलेली असू शकते. बाजारातला नळीचा फिल्टर अशा पाण्यासाठी बनवलेलाच नाही. पिण्याच्या पाण्याचा नळ बहुतेक ठिकाणी थोडा दूर, वेगळ्या खांबावर असतो. तिथेही जोडण्याआधी नळाचं तोंड निर्जंतुक करून पुसावं, आणि मैल्याच्या कामाचे हातमोजे आधी काढावेत.

नळीचंही तेच. बागेच्या हिरव्या नळीतून पिण्याचं पाणी घेऊ नये. तिच्या प्लास्टिकमधून आणि पितळी तोंडातून नको ती द्रव्यं, कधी शिसंही, पाण्यात उतरू शकतात. पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित नळी वेगळी मिळते, बहुधा पांढरी किंवा निळी.

गैरसमज: टाकीत भरतानाच पाणी गाळलं, आता ते चांगलंच राहणार.

वस्तुस्थिती: यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजचं आरव्ही पार्क सोडलं, तर कुठल्याही कॅम्पग्राउंडवर गाडीच्या जागेशी पाण्याची जोडणी मिळत नाही. म्हणजे पाणी टाकीत भरून घ्यायचं आणि तीन-चार दिवस पुरवायचं. मध्यम आकाराच्या गाडीत ही टाकी साधारण ४० गॅलनची, म्हणजे दीडशे लिटरची असते. उन्हात तापलेली बंद टाकी आणि साठलेलं पाणी जंतूंना मानवतं. त्यांना रोखतो तो नळाच्या पाण्यातला उरलेला क्लोरीन, आणि कोळशाचा फिल्टर नेमका तोच काढून टाकतो. चव सुधारण्याच्या नादात पाण्याची राखणच निघून जाते.

म्हणून दोन टप्पे करावेत. टाकीत भरताना फक्त गाळ अडवणारा फिल्टर लावावा आणि कोळशाचा फिल्टर सिंकपाशी, पाणी पिण्याच्या अगदी आधी असावा. नळाजवळ दाब नियंत्रक हवाच. आरव्हीच्या नळकांड्यांना साधारण ४० ते ६० पीएसआय दाब सोसतो. कॅम्पग्राउंडचा नळ कधी शंभराच्याही वर जातो. नियंत्रक फिल्टरच्या आधी, थेट नळावर लावावा, म्हणजे फिल्टरचं भांडं तडकत नाही.

टाकी हंगामात एकदा तरी निर्जंतुक करावी. भाड्याच्या गाडीची कधी केली, हे गाडी ताब्यात घेताना विचारावं. रूढ प्रमाण असं: टाकीच्या दर १५ गॅलनला पाव कप, म्हणजे ५७ लिटरला ६० मिलिलिटर, बिनवासाचं साधं ब्लीच. ते ५-६ टक्क्यांचं असतं तेव्हाचं हे प्रमाण. ब्लीच जास्त तीव्र असेल तर कमी घ्यावं. आधी ब्लीच थोड्या पाण्यात मिसळून घ्यावं, मग टाकी भरावी. प्रत्येक नळ सोडून क्लोरीनचा वास आला की बंद करावा आणि चार तास तसंच राहू द्यावं. नंतर वास जाईपर्यंत ताज्या पाण्याने धुवावं. हे करण्यापूर्वी फिल्टरची कांडी काढून ठेवायची, नाहीतर सगळं ब्लीच तीच शोषून घेते.

गैरसमज: टीडीएस मीटरवर आकडा कमी आला, म्हणजे पाणी शुद्ध.

वस्तुस्थिती: भारतातून येताना हा पेनाएवढा मीटर बरेच जण बॅगेत टाकून आणतात. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतूंना वाहकता नसल्यातच जमा आहे, त्यामुळे दूषित पाण्यातही मीटर निवांत असतो. विषारी धातूही त्याला दिसत नाहीत. आर्सेनिकची अमेरिकी मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि मीटरची सर्वांत लहान पायरी १ मिलिग्रॅमची, म्हणजे मर्यादेच्या शंभरपट. टीडीएससाठी ईपीए या अमेरिकी पर्यावरण संस्थेचा ५०० मिलिग्रॅमचा आकडा आहे, पण तो चव आणि क्षारांच्या थराबद्दलचा आहे, आरोग्याचा निकष नव्हे. ॲरिझोनातल्या जड पाण्यात आकडा ६०० आला तर चहा बेचव लागेल, पोट बिघडेलच असं नाही. मीटरचा खरा उपयोग एकच: आरओचा, म्हणजे सूक्ष्म पडद्यातून पाणी दाबून गाळणाऱ्या यंत्राचा, पडदा फाटला की नाही, हे आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांवरून कळतं.

गैरसमज: आरओ असला की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती: आर्सेनिक, नायट्रेट किंवा खारट पाणी असेल तर आरओ उत्तम. पण एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधा आरओ तीन ते पाच लिटर पाणी सोडून देतो. घरी ते गटारात जातं. आरव्हीत ते ताज्या पाण्याच्या टाकीतून कमी होतं आणि सांडपाण्याच्या टाकीत भरतं. दोन्ही टाक्या एकदम गोत्यात येतात. जोडणी नसलेल्या जागी मुक्काम असेल तर चौघांच्या पिण्याच्या पाण्यासाठी आरओ चालवणं परवडत नाही. पंपाचा दाब कमी पडला तर तो आणखी पाणी वाया घालवतो.

गैरसमज: उकळलं की कुठलंही पाणी चालतं.

वस्तुस्थिती: जंतूंपुरतं हे खरं आहे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि ६,५०० फुटांच्या वर तीन मिनिटं, असं सीडीसी ही अमेरिकी आरोग्यसंस्था सांगते. फिशिंग ब्रिज सुमारे ७,८०० फुटांवर आहे. तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून जास्तीची दोन मिनिटं.

विरघळलेल्या रसायनांवर मात्र उकळीचा इलाज चालत नाही. चहाच्या गाळणीत चोथा अडतो, साखर अडत नाही. उकळत राहिलं तर चहा उलट गोडच होत जातो. नायट्रेटचं तसंच आहे. कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात खतांमुळे बऱ्याच विहिरींत नायट्रेट उतरलेलं आहे, आणि असं पाणी आटवल्याने त्याचं प्रमाण वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं वरचं दूध अशा पाण्यात कालवलं तर रक्तातला प्राणवायू कमी होऊन जिवावर बेतू शकतं. यलोस्टोनमधून वाहणाऱ्या मॅडिसन नदीत गरम झऱ्यांमुळे मुळातच आर्सेनिक आहे. तळ्यावर हिरवा-निळा तवंग असेल तर त्यातली विषं उकळूनही जात नाहीत. ते पाणी भांडी धुवायलाही घेऊ नये.

गैरसमज: पाणी येतंय, म्हणजे फिल्टर चालू आहे.

वस्तुस्थिती: गाळाचा फिल्टर भरला की धार बारीक होते, ते कळतं. कोळसा संपला तर काहीच कळत नाही. ओलसर राहिलेल्या जुन्या कांडीत जंतू वाढतात, म्हणून गेल्या उन्हाळ्याची कांडी यंदा वापरू नये. पोकळ धाग्यांचा फिल्टर एकदा भिजल्यावर गोठला तर धागे आतून फुटतात, आणि बाहेरून तो नव्यासारखाच दिसतो. कोलोरॅडोत सप्टेंबरातल्या एका थंड रात्रीतही हे होऊ शकतं. असा फिल्टर टाकूनच द्यावा.

मग नेमकं काय घ्यायचं?

ठरलेल्या, चालू असलेल्या कॅम्पग्राउंडांवरच्या आठवड्याभराच्या सहलीला दाब नियंत्रक, पिण्याची नळी, गाळाचा फिल्टर आणि सिंकपाशी शिसं व पुटींसाठी ५३ प्रमाणपत्राचा कोळशाचा ठोकळा एवढं पुरतं. अंघोळ-भांड्यांसाठी टाकीचं पाणी आणि पिण्यासाठी वेगळे कॅन, ही विभागणी केली तर बाळ किंवा वयस्कर मंडळी सोबत असतानाही ताण कमी होतो. आडबाजूला, पाण्याच्या खात्रीशिवाय जायचं असेल तर विषाणूंसकट सगळ्यांवर चालणारा प्युरिफायर घ्यावा. अशा साधनासाठी ईपीएचा निकष जिवाणू ९९.९९९९, विषाणू ९९.९९ आणि पुटी ९९.९ टक्के काढण्याचा आहे. मुक्कामाला पोचल्यावर नळी जोडण्यापूर्वी ऑफिसात दोन गोष्टी विचाराव्यात: पाणी विहिरीचं की गावाचं, आणि शेवटची तपासणी कधी झाली. सरळ उत्तर मिळालं नाही तर नळी पुन्हा गुंडाळावी आणि वाटेतल्या गावातच टाकी भरून घ्यावी.