रस्ता रुंद झाला, मग गाडी का थांबली?

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही सगळे घोडबंदर रोडला फ्लॅट पाहायला गेलो. मुलगा, सून, चार वर्षांची नात आणि आम्ही दोघे. ठाण्यात नौपाड्यातली आमची दोन खोल्यांची जागा आता अपुरी पडते, हे खरेच. कासारवडवलीचा तो फ्लॅट हवेशीर होता. खिडकीतून येऊरचा डोंगर दिसत होता. ‘‘रस्ता रुंद होतोय, काका. एकदा झाला की ठाणे स्टेशन वीस मिनिटं,’’ विक्री कार्यालयातला तरुण म्हणाला. मी सहज विचारले, ‘‘तुम्ही कुठून येता?’’ तो जरा हसला. ‘‘डोंबिवलीहून. साडेसातला घर सोडतो. ऑफिस साडेनऊला उघडतं.’’

परतताना कापूरबावडीपाशी आम्ही अर्धा तास जागच्या जागी उभे होतो. तेही रविवारी! नात मांडीवर झोपून गेली. सौ. म्हणाली, ‘‘अहो, रस्ता आणखी रुंद केला की सुटेल का हो हे सगळं?’’

पंचवीस वर्षांपूर्वी मी बेधडक ‘हो’ म्हटले असते. कारण तेव्हा मी स्वतःच त्या आशेवर मोटार घेतली होती.

मी मूळचा लोकलचा माणूस. १८५३ साली बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ज्या गावी पोचली, त्या गावचा माणूस दुसरा कसला असणार? नोकरी चेंबूरला. ठाण्याहून कुर्ला, तिथे जिना चढून-उतरून हार्बरची गाडी. १९९५ नंतर मुंबईत पन्नासहून अधिक उड्डाणपुलांची योजना आखली गेली, पूर्व द्रुतगती महामार्गावरही पूल उभे राहू लागले आणि माझे मन चळले. १९९९ मध्ये जुनी मारुती घेतली. पहिले काही महिने काय सांगू! चाळीस मिनिटांत ऑफिस. लोकलमधल्या मित्रांची मला चक्क कीव येई.

दोन-तीन वर्षांत त्याच प्रवासाला सव्वा तास लागू लागला. मुलाच्या शाळेचे स्नेहसंमेलन होते. त्याचा पहिला प्रवेश साडेसहाचा. मी ऑफिसातून पाचलाच निघालो आणि विक्रोळीला अडकलो. शाळेत पोचलो तेव्हा शिपाई खुर्च्या रचत होता. मुलगा मावळ्याच्या वेशात पायरीवर बसला होता. त्याने विचारले, ‘‘बाबा, तुमची गाडी बिघडली का?’’ गाडी अगदी ठणठणीत होती. बिघाड होता तो माझ्या हिशेबात.

तो हिशेब पुढे वाचनातून उमगला. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६२ मध्येच तो मांडला होता : शहरातला द्रुतगती मार्ग कितीही मोठा करा, गर्दीच्या वेळी तो भरतोच. याचे कारण आपल्या आळीतच सापडते. रस्ता मोकळा झाला की गर्दी टाळायला सकाळी साडेसहाला निघणारे शेजारी पुन्हा साडेआठला निघतात. लालबहादूर शास्त्री मार्गाने जाणारे महामार्गावर येतात. आणि माझ्यासारखे लोकल सोडून मोटार घेतात. हे तिघे मिळून नवी जागा भरून काढतात. मागून चौथा येतो तो बिल्डर. रुंद रस्त्याच्या भरवशावर तो आणखी दूर इमारती बांधतो आणि तिथली माणसे त्याच रस्त्यावर उतरतात.

ही केवळ आपल्या बेशिस्तीची गोष्ट आहे, असेही समजू नका. माझी भाची अमेरिकेत ह्यूस्टनजवळ केटी या उपनगरात राहते. तिथला केटी फ्रीवे २००८ पर्यंत रुंद करण्यात आला. बाजूचे सेवारस्ते धरून काही ठिकाणी तो तब्बल २६ मार्गिकांचा आहे. खर्च २८० कोटी डॉलर. तरीही २०११ ते २०१४ या तीन वर्षांत तिथला सकाळचा प्रवासाचा वेळ सुमारे ३० टक्क्यांनी आणि संध्याकाळचा ५५ टक्क्यांनी वाढला. भाची फोनवर म्हणते, ‘‘मामा, इथेही तेच. फक्त हॉर्न वाजत नाहीत.’’ ड्युरँटन आणि टर्नर या अभ्यासकांनी २०११ मध्ये अमेरिकेतील शहरांची आकडेवारी तपासून दाखवून दिले की, महामार्गाची लांबी-रुंदी ज्या प्रमाणात वाढते, जवळजवळ त्याच प्रमाणात वाहनांची धावही वाढते.

मग रुंदीकरण सर्वस्वी व्यर्थ का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. आमच्या कोपरीच्या रेल्वेपुलावर आठ पदरी महामार्ग चार पदरी होत असे; बाटलीच्या गळ्यासारखा. २०२३ मध्ये तो पूल रुंद झाला आणि तेवढ्या जागेचा त्रास कमी झाला. गळा मोकळा करणे वेगळे आणि बाटलीच मोठी करत जाणे वेगळे.

खरा प्रश्न रस्त्यावरून किती गाड्या गेल्या हा नसून, किती माणसे गेली हा आहे. महामार्गाच्या एका मार्गिकेवरून तासाभरात फार तर दोन हजार मोटारी जातात. मोटारीत सरासरी दीड माणूस धरा. झाले तीन हजार. गर्दीच्या वेळची बारा डब्यांची एकच लोकल चार ते पाच हजार माणसे नेते. अर्थात कशी नेते, हेही आपण जाणतो. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ धावत्या लोकलच्या दारातून प्रवासी पडून मृत्युमुखी पडले. दारात लटकणाऱ्याला ‘मोटार घेऊ नकोस’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला आधी कमवावा लागेल; जास्त गाड्या, वेळेवर येणारी बस, चालता येईल असा पदपथ देऊन.

इतरत्र गर्दीच्या वेळी मोटारीला शुल्क लावण्याचा मार्गही निघाला. सिंगापूरने १९७५ मध्ये, लंडनने २००३ मध्ये तो धरला. स्टॉकहोममध्ये २००६ च्या प्रयोगात शहराच्या वेशीवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. आपण ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ केला. मलाही आनंद झाला, खोटे कशाला बोलू? पण स्वस्त झालेल्या वाटेवर गर्दी वाढणार, हेही मनात आलेच.

घरी आल्यावर मी मुलाला एवढेच सांगितले, ‘‘फ्लॅट रविवारी पाहिलास. आता एखाद्या सोमवारी सकाळी साडेआठला तिथून निघून बघ.’’ तो गेला. ठाणे स्टेशनला पोचायला एक तास दहा मिनिटे लागली. संध्याकाळी तो नकाशा घेऊन बसला. घोडबंदरवर मेट्रोचे खांब उभे आहेत. फ्लॅटपासून तिचे स्थानक चालत किती अंतरावर येईल, ते तो मोजत होता.

निर्णय त्या दोघांचा आहे. घर घ्यायचेच, तर रुंद होणाऱ्या रस्त्याकडे पाहून घेऊ नका, एवढेच माझे म्हणणे. नात पुढच्या वर्षी मोठ्या शाळेत जाईल. तिच्याही शाळेत स्नेहसंमेलन असेलच.