नातवाचा घुबडाचा पोशाख

३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी न्यू जर्सीत गारठा असतो आणि हॅलोविनची पोरं चॉकलेटं गोळा करत दारोदार हिंडतात. म्हणून पोशाखाला कापड फ्लीसचंच घ्यावं. ऊब तर मिळतेच, शिवाय कापलेल्या कडेचे दोरे सुटत नाहीत. पिसं नुसती कापायची आणि खालून वर एकेक ओळ टीप मारत जायचं. वरची ओळ खालची शिवण झाकते. फार सुंदर दिसतं! फ्लीस ताणलं जातं, तेव्हा बॉलपॉइंट सुई लावा, टाका लांब ठेवा. माप जाकीट घालूनच घ्या. गळ्याला नाडी नको, वेल्क्रो लावा. अडकलं तर पटकन सुटतं. मुखवट्यातून नीट दिसत नाही, त्यापेक्षा टोपीवर डोळे-चोच शिवा. पाठीवर मात्र प्रकाशात चमकणारी पट्टी हवीच.