चलनाची काटकसर : ‘स्पायडर-मॅन’ (१९६७–७०) या सचेतन मालिकेविषयी

रेखाटनास गती देणे हा सचेतनपटाचा धर्म मानला जातो. पडद्यावर सेकंदास २४ चौकटी सरकतात. त्यांसाठी निदान १२ स्वतंत्र रेखाटने असावीत, असा हॉलीवूडमधील प्रतिष्ठित चित्रशाळांचा दंडक होता. सात-आठ मिनिटांच्या एका ‘टॉम अँड जेरी’साठी त्यामुळे हजारो रेखाटने करावी लागत. चित्रपटगृहाच्या उत्पन्नावर हा खर्च निभावत असे, दूरचित्रवाणीच्या नव्हे. १९५७ मध्ये एम.जी.एम.ने आपला सचेतनपट विभाग बंद केला. तेथूनच बाहेर पडलेल्या हॅना आणि बार्बेरा यांनी दूरचित्रवाणीसाठी जी रीत रूढ केली, तीत पात्राचे धड स्थिर राही व केवळ तोंड, डोळे किंवा एखादा हात बदलला जाई. ‘मर्यादित सचेतन’ या नावाने ही रीत ओळखली जाते. तिचा उगम केवळ दारिद्र्यात आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण यू.पी.ए. या चित्रशाळेने तिचा अवलंब आधीच एक शैली म्हणून केला होता. तथापि दूरचित्रवाणीवर ती स्थिरावली ती पैशाच्या हिशेबामुळेच.

ग्रँट्रे-लॉरेन्स या चित्रशाळेचे नाव ग्रँट सिमन्स, रे पॅटर्सन व रॉबर्ट लॉरेन्स या तिघांच्या नावांवरून पडले होते. यांपैकी पहिले दोघे एम.जी.एम.च्याच परंपरेतले, आणि पॅटर्सन यांचा हात तर प्रत्यक्ष ‘टॉम अँड जेरी’च्या धावपळीत तयार झालेला. अशा कलावंतांनी १९६६ मध्ये ‘द मार्व्हल सुपर हीरोज’ ही मालिका काढली, तेव्हा चित्रकथांच्या छापील चौकटींच्याच यांत्रिक प्रती करून त्यांत कोठे ओठ, कोठे हात तेवढा हलविण्यात आला. अशा सात-सात मिनिटांच्या एकूण १९५ कथाखंडांची ती मालिका. जॅक कर्बी, स्टीव्ह डिटको प्रभृतींची रेषा तीत जशीच्या तशी उतरली, हे खरे. परंतु कागदावरच्या चौकटीत वाचकाच्या कल्पनेने जी गती निर्माण होते, ती येथे पडद्यावर थिजून गेली.

९ सप्टेंबर १९६७ रोजी अमेरिकेतील ए.बी.सी. वाहिनीवर सुरू झालेली ‘स्पायडर-मॅन’ मालिका मात्र नव्याने रेखाटलेली होती, आणि म्हणूनच ती अधिक विचारार्ह ठरते. स्टॅन ली व डिटको यांनी १९६२ मध्ये निर्मिलेल्या या नायकाचा पोशाख काटकसरीस एका परीने शत्रूच होता, कारण त्याच्या तांबड्या भागावर सर्वत्र कोळ्याच्या जाळ्याच्या बारीक रेघा आहेत व प्रत्येक रेखाटनात त्या पुन्हा काढणे भाग होते. चित्रशाळेने छातीवरील रेघा गाळल्या आणि मुखवटा, हातमोजे व बूट यांवर तेवढ्या ठेवल्या. दुसऱ्या परीने तोच पोशाख मित्र ठरला. मुखवटा संपूर्ण चेहरा झाकणारा असल्याने ओठांची हालचाल शब्दांशी जुळविण्याचा प्रश्नच उरला नाही. टोरांटो येथे ध्वनिमुद्रित झालेला पॉल सोल्स यांचा आवाज त्या निश्चल मुखवट्यामागून येतो तेव्हा प्रेक्षकास काही उणे भासत नाही. नायक जाळ्याच्या दोरीने झोके घेत जातो ती दृश्ये पुनःपुन्हा वापरली आहेत. दोरीचे वरचे टोक कोणत्या इमारतीला बांधले आहे हे विचारण्यात अर्थ नाही, कारण अनेकदा तेथे आकाशाखेरीज काहीच नसते!

वीस भागांच्या पहिल्या हंगामानंतर ग्रँट्रे-लॉरेन्सचे दिवाळे निघाले. पुढील दोन हंगाम निर्माते स्टीव्ह क्रान्झ यांनी राल्फ बाक्शी यांच्याकडे सोपविले. येथपासून मालिकेचे रूप पालटते. पूर्वी एका भागात बहुधा दोन छोट्या कथा येत. आता अनेकदा अर्ध्या तासास एकच कथा पुरवावी लागे. चित्रकथेतील नित्याचे खलनायक बहुतांशी दिसेनासे झाले आणि झोक्यांची दृश्ये लांबत गेली. हालचाल याहून कमी करणे शक्य नव्हते. तेव्हा तिचा भार पार्श्वचित्रांनी आणि संगीताने उचलला, हे या मालिकेचे खरे वैशिष्ट्य होय. जांभळ्या-हिरव्या छटांत विरघळलेले, शाईच्या डागांनी काळवंडलेले आकाश आणि त्याखाली बहुधा निर्मनुष्य असलेले न्यू यॉर्क : नायकाचे तेच ते रेखाटन अशा आकाशावरून सरकले की ते एकाकी वाटू लागते. लंडनच्या के.पी.एम. या संस्थेच्या संग्रहातील तयार संगीत पाठीशी वाजत असते. ते कोणत्याच विशिष्ट प्रसंगासाठी रचलेले नसल्यामुळे दृश्याशी ते पुरते एकजीव होत नाही, आणि या विलगपणातूनच एक गूढ भाव निर्माण होतो. तो योजनापूर्वक साधला होता असा दावा करणे धाडसाचे ठरेल. परंतु कलाकृतीचा परिणाम कर्त्याच्या हेतूनेच मोजावा असा नियम नाही.

याचा अर्थ प्रत्येक काटकसर फलदायी ठरली असा नव्हे. तिसऱ्या हंगामातील ‘रिव्होल्ट इन द फिफ्थ डायमेन्शन’ हा भाग क्रान्झ यांच्याच ‘रॉकेट रॉबिन हूड’ या मालिकेतील एका भागाची चित्रे उचलून, त्यांत नायक बदलून तयार केलेला आहे. मूळ चित्रांची विलक्षण रंगयोजना मान्य केली तरी स्पायडर-मॅन तेथे पाहुणाच राहतो. त्याचे शहर, त्याची नोकरी, त्याची विवंचना यांपैकी कशाशीही त्या कथेचा संबंध नाही. काटकसर आणि उसनवारी यांतील भेद या एका भागाइतका स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच दिसेल.

१९७० मध्ये ५२ भागांनंतर मालिका संपली. बाक्शी व क्रान्झ यांनी पुढे १९७२ मध्ये ‘फ्रिट्झ द कॅट’ हा प्रौढांसाठीचा सचेतनपट काढला. मालिकेला मात्र अनपेक्षित उत्तरायुष्य लाभले. पहिल्या हंगामातील ‘डबल आयडेंटिटी’ या भागात एक तोतया स्पायडर-मॅन व खरा स्पायडर-मॅन एकमेकांकडे बोट दाखवून उभे राहतात. हे एक स्थिरचित्र आंतरजालावर विनोदासाठी जगभर फिरले. २०१८ च्या ‘इन्टू द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटाच्या अखेरीस त्याचीच गंमत केली आहे, आणि २०२२ मध्ये तीन नटांनी तोच पवित्रा घेऊन छायाचित्र काढून घेतले. पूर्ण गतीने धावणाऱ्या सचेतनपटातून असे चित्र वेगळे काढणे अवघड जाते, कारण त्याची प्रत्येक चौकट पुढच्या चौकटीकडे कललेली असते. येथे दोन्ही आकृती पडद्यावरही जवळजवळ स्तब्धच होत्या. बोट दाखविणारा हात तेवढा रेखाटकाने पुरता उचललेला होता.