ठाण्यातली वही

दरवर्षी 31 ऑगस्टला पालांवर, तांड्यांवर, वस्त्यांत विमुक्त दिन होतो. भाषणं होतात, सत्कार होतात. 1952 साली याच तारखेला गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला. स्वातंत्र्याला तोवर पाच वर्षं होऊन गेली होती. तेव्हापासून आजवर पोलीस आणि या जमाती यांच्यात काय बदललं, हे बघायचं तर भाषणं बाजूला ठेवून ठाण्यातल्या वह्या बघाव्या लागतात.

इंग्रजांनी 1871 मध्ये हा कायदा केला तेव्हा वही जन्मापासूनच सुरू होत असे. अमुक जमातीत जन्मलात की नाव नोंदवलं गेलं. मग हजेरी, आणि गाव सोडायचं तर परवाना. सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली अख्खी वसाहत होती. मुंबई इलाख्यात अशा वसाहतींचं काम पाहणारे अधिकारी होते ओ. एच. बी. स्टार्ट. पुढे 1928 साली अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला समिती नेमली, तिचे अध्यक्षही हेच. डॉ. आंबेडकर आणि ठक्करबाप्पा त्या समितीत सदस्य होते. कुंपण सांभाळणाऱ्याच्याच हाती उद्धाराचंही काम द्यायचं, ही सरकारी रीत जुनीच म्हणायची.

कायदा गेला, पण 1959 साली मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा केला. कागदावर फरक मोठा होता. आता जन्म नव्हे, शिक्षा झालेला माणूस मोजायचा होता. व्यवहारात मात्र घरफोडी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालाकडेच वळत राहिली. महाराष्ट्रात पारधी ही अनुसूचित जमात आहे. सवलतीच्या यादीत ती आदिवासी, आणि ठाण्यातल्या यादीत संशयित. झडतीची तऱ्हाही ठरलेली. पहाटे पालं उचकटायची, पितळेची कळशी किंवा बाईच्या गळ्यातलं डोरलं उचलायचं आणि विचारायचं, ‘पावती दाखव.’ आठवडी बाजारात घेतलेल्या कळशीची पावती कोण ठेवतो? तुमच्या-आमच्या घरातल्या निम्म्या वस्तू या कसोटीला चोरीच्याच ठरतील. पुरुष मंडळी पळाली तर तोही पुरावा, आणि थांबली तर ती आत.

याचा शेवट कुठवर जाऊ शकतो, ते 2003 च्या एका खटल्यात दिसलं. नाशिक जिल्ह्यातला तो गुन्हा भयंकर होता. भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले गेले. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीच सुनावली. पुढे तोच निकाल पुन्हा उघडला गेला आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेनं सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंतून चार माणसं ओळखली होती, आणि ती या सहांपैकी नव्हती. त्या चौघांचा माग काढलाच गेला नाही. न्यायालयानं राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावले आणि चुकार अधिकारी अजून सेवेत असतील तर त्यांच्यावर कारवाई करा, असं बजावलं. ‘असतील तर’ म्हणायची वेळ आली, कारण मधे सोळा वर्षं गेली होती.

तिकडे पूर्वेला गोष्ट वेगळी. 1972 साली आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचा आरोप झाला, खटला चालला. सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये पोलिसांना सोडलं. चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातला अत्याचार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा ठरला. त्याच गडचिरोलीत अलीकडे पोलीस ठाण्यांतून ‘दादालोरा खिडकी’ चालते. जातीचा दाखला, आधार कार्ड, सरकारी योजनांचे अर्ज तिथं होतात. यात नक्षलवाद्यांशी चाललेल्या लढाईतली पोलिसांची गरजही आहे, हे उघड आहे. असो. दाखल्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जाणाऱ्या माडिया माणसाला तो कागद जवळच्या ठाण्यातच मिळाला, तर हेतूची चिकित्सा त्यानं का करावी? मला मात्र पारध्यांच्या पालांसाठी अशी खिडकी हवी आहे, आणि तिथं लढाई नाही म्हणून ती उघडत नाही की काय, अशी शंका येते.

2024 मध्ये ठाण्यातल्या वह्यांपर्यंत सर्वोच्च न्यायालय स्वतः पोचलं. मे महिन्यात दिल्लीतल्या एका प्रकरणात त्यानं म्हटलं की, मागास समाजातल्या निरपराध माणसांची नावं हिस्ट्रीशीटमध्ये यांत्रिकपणे चढवू नका; वरिष्ठ अधिकाऱ्यानं या नोंदी वेळोवेळी तपासाव्यात. ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायचा आदेश झाला. विमुक्त जमातींना जन्मानं गुन्हेगार धरणारे तुरुंगाचे नियमही गेले.

तुरुंगातला रकाना एका आदेशानं खोडता येतो. ठाण्यातली तपासणी ही दरवर्षी करायची गोष्ट आहे, आणि ती साहेबांनी आपल्याच हाताखालच्यांचे कागद चाळून होणार नाही. वस्तीतली एखादी शिकलेली मुलगी समोर बसवावी, आणि प्रत्येक नावापुढचं कारण तिला वाचून दाखवावं.