सीमॉस पुसणे

सीमॉस पुसणे म्हणजे मदरबोर्डने जतन केलेली बायॉसची सेटिंग मूळ स्थितीस आणणे होय. ओव्हरक्लॉकिंग फसल्यावर, म्हणजे प्रोसेसरला न पेलणारा वेग दिला गेल्यावर, संगणक सुरू होत नाही. पंखे फिरतात, पडदा मात्र काळाच राहतो. प्रोसेसर जळाला असा समज होतो, पण बहुधा तो खरा नसतो. नवा वेग बोर्डच्या स्मृतीत नोंदलेला असल्याने दर वेळी तोच लागू होतो, इतकेच. १९८४ च्या आयबीएम पीसी/एटीमध्ये अशा नोंदींसाठी घड्याळाच्याच चिपमध्ये जेमतेम ५० बाइट जागा होती व ती बॅटरीवर टिकून राही.

काही बोर्ड लागोपाठच्या अपयशानंतर आपोआप मूळ वेगावर येतात. अन्यथा वीजजोडणी पूर्ण काढून, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेला विद्युतभार घालवावा आणि सीमॉस पुसण्याच्या पिना माहितीपुस्तिकेप्रमाणे जोडाव्यात. पिना नसल्यास ३ व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटे काढून ठेवतात. सेटिंग फ्लॅश स्मृतीत ठेवणाऱ्या बोर्डांना मात्र हा उपाय पुरेलच असे नाही.

हार्ड डिस्कवरील माहितीस धक्का लागत नाही. घड्याळ पुन्हा लावावे लागते. डिस्कची रेड रचना असल्यास तीही बायॉसमध्ये पुन्हा निवडावी, एरवी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होत नाही. जादा व्होल्टेजने प्रोसेसर खरोखरच निकामी झाला असल्यास या प्रक्रियेचा उपयोग नसतो.