आरशात सूर्य धरणारा कारागीर : कॅमेरामन व्ही. के. मूर्ती

"कॅमेऱ्याच्या लाइनीत पोटापुरते मिळते का हो?" हा प्रश्न हल्ली पनवेलच्या बाजारात ऐकू येतो आणि आमच्या विचुंब्यातही. इमारती वाढल्या, हॉल वाढले, तसे लग्नाचे शूटिंग करणारे तरुणही वाढले. पोरगा म्हणतो, हप्त्यावर कॅमेरा घेतो. बाप म्हणतो, ही कायमची रोजी आहे की चार दिवसांची हौस? दोघांनीही आधी या धंद्यातल्या एका नामवंत कारागिराचा हिशेब पाहावा.

व्ही. के. मूर्ती यांचा जन्म 1923 साली म्हैसूरला झाला. बंगलोरच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमधून त्यांनी 1946 साली सिनेमॅटोग्राफीचा डिप्लोमा घेतला. व्हायोलिनही उत्तम वाजवीत. मुंबईत मात्र केवळ कागद पाहून कॅमेरा हाती मिळाला नाही. फली मिस्त्री यांच्यासारख्या उस्तादाच्या हाताखाली मदतनीस म्हणून राहावे लागले. 1951 साली 'बाजी'च्या सेटवरही ते व्ही. रात्रा यांचे मदतनीसच होते. तिथे दिग्दर्शक गुरुदत्त यांची नजर त्यांच्यावर गेली आणि पुढच्या 'जाल' (1952) या चित्रपटाचा कॅमेरा त्यांच्याकडे आला. म्हणजे डिप्लोम्यानंतर सहा वर्षे उमेदवारी. आपल्याकडेही शिकाऊ मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी भारी कापडावर कात्री कोण देतो?

त्या काळी चूक महाग पडे. आपण कापड मीटरवर विकतो, तशी फिल्म फुटावर मोजत. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट जाते. 400 फुटांचा डबा साडेचार मिनिटांत संपे. निगेटिव्ह धुऊन येईपर्यंत शॉट कसा उतरला हे डोळ्याने दिसत नसे. कॅमेरामनचे सगळे भांडवल म्हणजे त्याचा अंदाज.

आणि अंदाज कशाचा, तर उजेडाचा. कॅमेरा फक्त नोंद करतो. खरे काम दिवा कुठे ठेवायचा आणि कुठे अडवायचा हे आहे. त्यासाठी लागते काय? काळे कापड, जाळी, पांढरी चादर. आपल्याच दुकानातला माल! 'साहिब बीबी और गुलाम'मधला (1962) मीनू मुमताज यांचा मुजरा ज्यांनी पाहिला असेल त्यांनी तो पुन्हा पाहावा. नाचणारी मुख्य बाई उजेडात आहे आणि साथीच्या सगळ्या जणी सावलीत. गाणे संपेपर्यंत ही रेघ मोडत नाही. सगळ्या हलत आहेत, तरी नको तो चेहरा उजेडात येत नाही. एवढा हात साफ व्हायला किती वर्षे लागली असतील, हे कारागिराला सांगायला नको.

'कागज के फूल'मधला (1959) किरणांचा झोत तर मशहूर आहे. रिकाम्या स्टुडिओत वरून एक सरळ, जाड किरण खाली उतरतो. दिव्याचा प्रकाश पसरत जातो, सूर्याचा पसरत नाही. मूर्तींनी एक मोठा आरसा बाहेर उन्हात ठेवला, दुसरा आत उंचावर, आणि सूर्यच सेटवर आणला. सूर्य काही थांबत नाही, तेव्हा तो सरकला की आरसाही सरकवावा लागे. हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्याचे भिंग रुंद दृश्य दाबून फिल्मवर बसवते आणि थिएटरात दुसरे भिंग ते पुन्हा पसरवते. चित्रपट साफ पडला. मालकाचा पैसा बुडाला, कारागिराला मात्र फिल्मफेअर मिळाले. व्यापारात असेही होते.

1964 च्या ऑक्टोबरमध्ये गुरुदत्त गेले. 'आरपार', 'प्यासा', सगळे नाव ज्या एका पेढीवर झाले ती पेढीच उठली. एका गिऱ्हाइकावर चालणाऱ्या कारखान्याचे अशा वेळी काय होते ते आपण जाणतो. मूर्ती बसून राहिले नाहीत. प्रमोद चक्रवर्ती यांच्यासाठी त्यांनी 'जिद्दी', 'लव्ह इन टोकियो', 'जुगनू' असे चित्रपट केले. बारीक मलमल विणणाऱ्याने बाजाराला हवा तसा रंगीत छापील माल काढावा, तसे. काही जाणकार या कामाला नाके मुरडतात. मला त्यात कमीपणा दिसत नाही. घर चालले आणि हात चालू राहिला.

याच काळात त्यांच्याकडे एक शागीर्द आला, गोविंद निहलानी. जन्म कराचीचा, 1940 चा. फाळणीत कुटुंब इकडे आले. त्याच बंगलोरच्या पॉलिटेक्निकचा 1962 चा डिप्लोमा. मूर्तींकडे बरीच वर्षे काढून त्यांनी मराठी 'शांतता! कोर्ट चालू आहे' (1971) आणि मग श्याम बेनेगल यांचा 'अंकुर' (1974) चित्रित केला. 'जुनून'च्या छायाचित्रणाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1980 साली 'आक्रोश'पासून ते स्वतः दिग्दर्शक झाले.

1988 साली दूरदर्शनवर 'तमस' आली. दिग्दर्शक शागीर्द आणि त्याच्या जोडीने कॅमेऱ्यावर उस्ताद! चामडे कमावणारा नत्थू रात्री मिणमिणत्या दिव्यात झगडतो, त्या प्रसंगाने मालिका सुरू होते. घरातल्या छोट्या टीव्हीवर असा अंधार नुसता काळा डाग होऊन बसण्याचा धोका असतो. माणूस दिसेल इतकाच उजेड आणि रात्र वाटेल इतकाच काळोख, हे माप सांभाळायचे. त्याच वर्षी बेनेगल यांच्या 'भारत एक खोज'चे 53 भाग सुरू झाले, त्याचाही कॅमेरा मूर्तींकडेच. वय तेव्हा पासष्टीला टेकले होते. 2008 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. कॅमेरामनला हा मान प्रथमच. 7 एप्रिल 2014 रोजी बंगलोरला त्यांचे निधन झाले.

आता हप्त्याच्या कॅमेऱ्याविषयी. फिल्मचे फूट मोजणे संपले, शॉट लगेच पडद्यावर दिसतो, त्यामुळे शिकणे स्वस्त झाले आहे. मुंबईत कॅमेरा, भिंगे, दिवे दिवसाच्या भाड्याने मिळतात आणि मोठ्या चित्रपटांचे कामही बहुधा भाड्याच्या सामानावरच होते. मग सुरुवातीलाच कर्ज कशाला? आधी दोन-तीन वर्षे एखाद्या चांगल्या कॅमेरामनच्या हाताखाली दिवे उचलावेत, कापडे ताणावीत. मुलगा पदवीधर असेल तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा तीन वर्षांचा सिनेमॅटोग्राफीचा अभ्यासक्रम आहे. त्याला कोणत्याही शाखेची पदवी चालते. प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि जागा थोड्या असतात, तेव्हा तयारी वेळेवर सुरू करावी.